तपासणीसाठी परगाव

बेळगावहून चोर्ल्याच्या घाटानं खाली उतरलं की साखळी, मग डिचोली आणि डिचोलीपासून हाकेच्या अंतरावर आमचं मये. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी साखळी आली की मी पिशवी आवरायला घेते, आणि कंडक्टर दर वेळी सांगतो, "अक्का, अजून वेळ आहे." मयेचं तळं आता पर्यटकांमुळं सगळ्यांना ठाऊक झालंय. आमच्या लहानपणी तिथं म्हशी बसायच्या. गावची देवी महामाया. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी, आणि एक बहीण तर म्हापशाची मिलाग्रीस सायबीण. सात बहिणींपैकी एक ख्रिश्चन, तरी कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. नात्याच्या बाबतीत आमचा गाव असा मोकळा. म्हणजे देवांच्या नात्याच्या बाबतीत.

मी गेले होते सोयरिकीच्या कामाला. माझ्या भावाचा मुलगा एकोणतीस वर्षांचा, शिकलेला, नोकरी चांगली. इकडची सीमाभागातली एक मुलगी मी सुचवली होती. आई कन्नड शाळेत शिकलेली, वडील मराठी शाळेत, घरात दोन्ही भाषा. आपल्यासारखंच घर. फोटो गेले होते, पत्रिका जुळली होती, आता फक्त भाच्याला समजावून "हो" म्हणवून घ्यायचं काम राहिलं होतं आणि ते आत्याकडं आलं होतं.

संध्याकाळी तो मला तळ्याकडं घेऊन गेला. बराच वेळ खाणी बंद पडल्यापासूनच्या गप्पा मारल्या. लाल धूळ कशी कमी झाली आणि ट्रकवाल्यांचे हप्ते कसे थकले, वगैरे. मग म्हणाला, "आत्या, तुका एक सांगपाचें आसा." आणि सांगितलं. त्याला मुलींशी लग्न करायचं नव्हतं. ही मुलगी नको असं नव्हतं, कुठलीच नको. आणि गेल्या वर्षी तो आमच्याकडं बेळगावला दोन दिवस "सहज" येऊन राहिला होता, तो सहज आलेला नव्हता. तपासणी करून घ्यायला आला होता.

वाचकहो, हे सगळं मी त्याला विचारून लिहिते आहे. मयेत माझे सख्खे-चुलत मिळून भाऊ पुष्कळ आहेत, तेव्हा हा कुणाचा मुलगा याचा शोध घेऊ नका. वर्षं मागंपुढं केली आहेत, मुलीकडचे तपशील बदलले आहेत. गावाचं नाव बदलू का, असं विचारलं तर तो म्हणाला, "गाव राहू दे. असले मुलगे फक्त कळंगुट-बागाला असतात असं लोकांना वाटतं."

तळ्याकाठी बसून मी त्याला काय म्हणाले ते सांगण्यासारखं नाही. काहीच म्हणाले नाही. माझ्या डोळ्यांपुढं आला तो एक स्टीलचा पेला.

1996 साल. माझं लग्न होऊन दोन वर्षं झालेली. माझे धाकटे मामा मुंबईत नोकरीला असत. अविवाहित, फार हौशी, नाटकवेडे. ते अचानक खंगलेले असे बेळगावला आले. इथल्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. मुंबईत का नाही, गोव्यात का नाही, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आठ दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना कुठून तरी कळलं. त्यांनी मला आत बोलावून हळूच सांगितलं, "यारिगू हेळब्याड." कुणाला सांगू नकोस. बस्स, एवढंच. पेला वेगळा ठेव असं त्या म्हणाल्या नव्हत्या. तो मी माझ्या मनानं ठेवला. ताटही. मामांच्या ते लक्षात आलं. चौथ्या दिवसापासून ते स्वतःच मोरीत जाऊन तो पेला घासून कोनाड्यात उपडा घालू लागले. जाताना माझ्या हातावर साडीचे पैसे ठेवले. पुढच्या वर्षी गेले.

पेल्यानं, ताटानं, एका घरात राहिल्यानं हा आजार पसरत नाही, हे तेव्हाही वर्तमानपत्रांतून छापून येत होतं. मी वाचलंही होतं. पण वाचलेलं एका खोलीत आणि भीती दुसऱ्या खोलीत, अशी आपली मनं असतात.

तर भाच्याची गोष्ट. त्याला काही त्रास जाणवला म्हणून तो आधी जवळच्याच एका खाजगी प्रयोगशाळेत गेला होता. (नाव घेत नाही.) रक्त दिलं, आणि अहवाल हातात यायच्या आत त्याच्या वडिलांना एकानं वाटेत विचारलं, "पोरगो बरो आसा मरे?" नुसती चौकशी. पण त्याला पुरेशी होती. अहवाल आणायलाही तो गेला नाही. त्याच्या म्हापशाच्या एका मित्रानं त्याला हात धरून सांगितलं, "गावात नको, घाटावर जा. तिथं तुला कोण ओळखतो?" म्हणून बेळगाव. आणि गंमत अशी (हिला गंमत म्हणायची तर) की बेळगावच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या समुपदेशन खोलीबाहेर त्याला जो मुलगा भेटला, तो म्हणाला, "माझा दोस्त तपासणीला गोव्याला जातो." चोर्ल्याच्या घाटातून काजू, मासळी, दारू जाते हे आपल्याला माहीत. लाज घेऊनही माणसं अशी वर-खाली करत असतात, हे मला नवं होतं.

तपासणीत एचआयव्ही निघाला नाही, सिफिलिस निघाला. आपल्याकडं गरमी म्हणतात ती. सुरुवातीच्या अवस्थेत असेल तर पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनवर बरा होणारा आजार. दुर्लक्ष केलं तर वर्षांनी डोळे, मेंदू, हृदय धरणारा. त्यालाही ते इंजेक्शन दिलं, पुढं पुन्हा रक्त तपासलं. एचआयव्हीची चाचणीही तीन महिन्यांनी परत करवली, कारण नव्यानं लागण झाली असेल तर ती काही आठवडे चाचणीत दिसतच नाही. या मधल्या काळात "निगेटिव्ह" कागद हातात घेऊन माणूस निर्धास्त फिरतो.

इथवर सोपं होतं. अवघड पुढं होतं. समुपदेशक बाईंनी त्याला विचारलं, "आता कुणाकुणाला सांगशील?" कारण एकट्यानं इंजेक्शन घेऊन भागत नाही. ज्याच्याकडून आला आणि ज्याच्याकडं गेला, ते तसेच राहिले तर आजार फिरून परत येतो. त्यानं चार नावं मनात मोजली. त्यातला एक डिचोलीचा, लग्न झालेला, घरात तान्हं मूल. त्याला सांगायला याला अकरा दिवस लागले. त्यानं आधी शिव्या दिल्या, मग फोन बंद केला, आणि महिन्यानं रात्री अकरा वाजता विचारलं, "बायकोला पण न्यावं लागेल का?" न्यावं लागलं. गरोदरपणात हा आजार आईकडून पोटातल्या बाळाला जातो, म्हणूनच गरोदर बाईचं रक्त त्यासाठी तपासतात. डिचोलीच्या त्या बाईला काय सांगून नेलं, ते मला भाच्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, पण ती बाई माझ्या मनातून जात नाही. आपल्या ओळखीतल्या कितीतरी जणी तिच्या जागी असू शकतात. "लग्न झालं की ठीक होईल" असं म्हणून जी सोयरीक जमवली जाते, तिची किंमत जी मोजते, तिला पत्रिका जुळवताना कुणी काही विचारलेलं नसतं. मीही एकीला तिथंच उभी करायला निघाले होते.

या मुलांमध्ये आजाराचं प्रमाण जास्त का, हा प्रश्न मी भाच्याला सरळ विचारला. थोडा रागावला, मग समजावून सांगितलं. नंतर मी आमच्या डॉक्टरबाईंकडूनही खात्री करून घेतली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या म्हणजे नॅकोच्या 2017 च्या पाहणीत देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 0.22 टक्के होतं, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये 2.69 टक्के आणि तृतीयपंथी व्यक्तींमध्ये 3.14 टक्के. म्हणजे बारा-चौदा पट. "वाईट चालीची माणसं" असं उत्तर आपल्या ओठावर तयार असतं. खरं उत्तर वेगळं आहे. एक तर शरीराचंच कारण, त्या प्रकारच्या संबंधात लागण लवकर होते. दुसरं, ही मंडळी थोडी आणि लपलेली. ओळखी त्याच त्या फिरत राहतात. मोठ्या नदीत चमचाभर रंग टाकला तर दिसत नाही, आमच्या तळ्यात टाकला तर काठाला कळतो. तिसरं सगळ्यात मोठं. ज्याला कुणाला विचारता येत नाही, त्याला कळत नाही. ज्याला कळत नाही, तो तपासत नाही. मग एकाचं दुखणं चौघांत वर्षभर राहतं.

आणि म्हणूनच उपाय त्याच जाळ्यातून गेला तरच पोचतो. सरकारी भिंतीवरची पाटी भाच्यानं हजारदा वाचली होती. तो हलला म्हापशाच्या मित्राच्या शब्दावर.

हे आपल्या भागात फार आधी ओळखलं ते सांगलीच्या 'संग्राम'नं. मीना सेषू यांनी 1992 मध्ये देहविक्रय करणाऱ्या बायकांबरोबर काम सुरू केलं तेव्हा निरोध वाटायला बाहेरून कुणी आणलं नाही, त्याच बायका एकमेकींना सांगू लागल्या. त्यांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, तिचं काम निपाणीपर्यंत आलं. पुढं याच धर्तीवर पुरुष आणि तृतीयपंथी यांचा 'मुस्कान' हा गट झाला. मुंबईत 1994 मध्ये अशोक राव कवींचा 'हमसफर ट्रस्ट' सुरू झाला, पुण्यात 2002 मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक' काढला. खिरे यांची 'पार्टनर' ही मराठी कादंबरी मी भाच्याकडूनच आणून वाचली, घरच्यांपासून झाकून, या वयात.

कर्नाटकात तर आपल्या सौंदत्तीच्या यल्लम्माचं उदाहरण आहे. जोगप्पांना आपण सगळ्यांनी पाहिलंय, परडीत पैसे घातलेत, पाया पडलोय. मंजम्मा जोगती यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, त्याआधी त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या. आमच्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, ती देवाची माणसं. देवाची म्हटलं की पाया पडायचं आणि दवाखान्यात आली की बाकड्यावर शेजारी बसायचं नाही, हा हिशोब मला कधी समजला नाही. तिकडं पेडण्याच्या दशावतारात पुरुषानं नेसलेलं लुगडं आम्ही रात्रभर जागून पाहिलं आहे. तेही रंगपटापुरतंच.

गोव्याची तर याबाबतीतली एक जुनी जखम आहे. 1989 च्या फेब्रुवारीत म्हापशाजवळच्या पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. गुन्हा काय, तर नेमानं रक्तदान करणाऱ्या या माणसाच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा रुग्णाला अलग ठेवायची तरतूद होती. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात पहाऱ्यात त्याला 64 दिवस ठेवलं. आई ल्युसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली, आनंद ग्रोव्हर यांनी बाजू लढवली. तो सुटला, पण गावात, नोकरीत पुन्हा तसा शिरता आला नाही. 1992 मध्ये त्यानं 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. ओनीर यांचा 2005 चा 'माय ब्रदर निखिल' त्याच्या आयुष्यावरून सुचलेला. त्यातला नायक समलिंगी दाखवला आहे. तेव्हा मी तो पिक्चर टीव्हीवर लागला की चॅनल बदलत असे. मामा आठवत.

2006 मध्ये गोवा सरकारनं लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करायचा विचार मांडला होता. तेव्हा मला तो पटला होता, आता पटत नाही. सक्ती झाली की माणूस आधी परगाव शोधतो आणि मग कागद शोधतो. आणि कागद काय सांगणार? तो एका दिवसाचं रक्त सांगतो. नवऱ्या मुलाच्या मनात काय आहे ते तो सांगत नाही.

मामांच्या वेळेपासून खूप बदललं, हे मात्र सांगायलाच हवं, कारण आपल्यातल्या अनेकांच्या डोक्यात अजून 1996 च आहे. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी औषधं मोफत मिळू लागली. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी असते. ती नेमानं घेऊन रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडं कमी झाला आणि तसाच राहिला, तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालंय. धोक्याचा प्रसंग घडलाच तर 72 तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, औषध सुरू करून 28 दिवस घेता येतं. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, अहवालाची वाच्यता नाही, कामावरून काढता येत नाही. त्याच महिन्यात, 6 तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं कलम 377 मधून सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना वगळलं. वाटेत "पोरगो बरो आसा मरे" विचारणाऱ्याला यातलं काही लागू होतं का, ते वकिलांनी सांगावं.

भाचा म्हणतो, आता जाळं बदललंय. पूर्वी बसस्टँड, बाग, नदीकाठ अशा ठिकाणी मुलं एकमेकांना भेटत आणि संस्थेचे कार्यकर्ते तिथं जाऊन बोलत. आता सगळं फोनवर. नाव खोटं, फोटो छातीपर्यंत. भेट होते आणि नंबर पुसला जातो. मग सिफिलिस निघाला तर सांगायचं कुणाला? याच्या चारपैकी एकाचं खरं नाव याला ठाऊक नव्हतं. नुसतं कन्नड बोलतो एवढं माहीत. गदगकडचा, म्हापशाला गॅरेजमध्ये. किनाऱ्यावरच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना सगळं कळतं, डॉक्टर माहीत असतात. डिचोली-पेडण्याच्या पोरांना अर्धं कळतं. आणि कामाला आलेल्या या मुलाला ना कोंकणी, ना मराठी, ना इंग्रजी. त्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा कागद-पेन घेऊन सोप्यावर माझ्यापुढं बसला. "आत्या, तुला कन्नड येतं. मला चार ओळी लिहून दे, देवनागरीत. मी त्याला आवाज रेकॉर्ड करून पाठवतो." घरात वहिनी नारळ खवत होती, आणि आम्ही दोघं गुप्तरोग या शब्दाला कन्नडमध्ये काय म्हणतात ते शोधत होतो. तिथंही गुप्तरोगच म्हणतात. सीमाप्रश्नावर इतकी वर्षं न जमलेल्या दोन भाषांचं या एका शब्दावर एकमत आहे. मला तो शब्दच नको होता. शेवटी लिहिलं, "निन्न रक्त परीक्षे माडिसिको. औषध इदे. हेदरबेड." तुझं रक्त तपासून घे. औषध आहे. घाबरू नकोस. खाली नॅकोचा 1097 हा फुकटचा नंबर. "हेदरबेड" त्याच्या तोंडी नीट बसेना, तीनदा म्हणून घेतलं. वहिनीनं आतून विचारलं, "कितें शिकता रे कन्नड? व्हंकलेखातीर?" नवरीसाठी. तो हसला. मला हसता आलं नाही.

मुलीकडच्यांना मी बेळगावला येऊन फोन केला. सांगितलं, आमच्या मुलाला लग्न करायचं नाही, तुम्ही थांबू नका. त्या बाई म्हणाल्या, "पत्रिका तर जुळली होती." मी म्हटलं, हो, जुळली होती. दुसरं कुणी आहे का, असं विचारलं, तर मी म्हटलं ते त्याचं त्याला माहीत. फोन जरा जोरात ठेवला गेला. ते साहजिकच आहे.

दादाला वाटतंय, मीच मोडता घातला. चांगली जमत आलेली सोयरीक हिनं तोडली, असं तो चारचौघांत बोलतो. मी काही उत्तर देत नाही, कारण ते भाच्यानं द्यायचं आहे, आणि त्यानं चवथीपर्यंत मुदत मागितली आहे. चवथ गेली. गदगच्या मुलानं मात्र तपासून घेतलं. भाच्यानं मला त्याचा आवाज पाठवला. नुसतं, "माडिसिदे अण्णा." करून घेतली.

परवा भाचा आला होता, दोन दिवस. या वेळी खरंच सहज. पाणी मागितलं तेव्हा मी कपाटातला एक पेला काढला आणि परत ठेवला आणि दुसरा काढला. तो म्हणाला, "आत्या, कुठल्याही दे की."